जर्मन गाडीची रुजवात

एकतीस वर्षं मी तहसील कचेरीच्या नक्कल विभागात काढली, आणि या एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही चुकीची नक्कल बाहेर पडली नाही. हे मी कुणी विचारण्याआधीच सांगतो, कारण विचारत कुणीच नाही. नक्कल म्हणजे जुन्या कागदाची प्रत. ती करणं सोपं असतं. अवघड असते ती रुजवात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडायचं, आणि शेवटी शेरा मारायचा, ‘रुजवात घेतली, बरोबर आहे.’ त्याखाली सही. ती सही माझी, म्हणजे धनंजय झाडे यांची. तालुक्यातल्या कितीतरी भावाभावांनी एकमेकांवर खटले भरले ते या सहीच्या भरवशावर.

त्यामुळे माझ्या बायकोच्या, छायाच्या, मावशीची जर्मन गाडी अस्सल की बनावट, हे ठरवायची वेळ आली तेव्हा छायाने मला न विचारता फोनवर सांगून टाकलं, ‘हे पाहतील ना मावशी, त्यायचा तर जन्म त्याच्यातच गेला.’ मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मोटारीतलं मला किती कळतं हे लपवण्यात अर्थ नाही. स्कूटर सुरू झाली नाही की ती एका अंगावर कलती करायची आणि पुन्हा किक मारायची, इथे माझं मोटारशास्त्र संपतं. पण बायकोने नातेवाइकांत आपली एवढी जाहिरात केल्यावर माघार घेता येत नाही.

गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. कंपनी मोठी आहे आणि मी निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस आहे. दोन दारांची, बुटकी, पुढून लांब नाकाची अशी ही गाडी पंचेचाळीस वर्षांपूर्वी सेलूत आली. तिथल्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात एक जर्मन इंजिनिअर मशीन बसवायला आला होता, त्याची ती. छायाच्या मावशीचे, म्हणजे आनंदाबाईंचे यजमान नानाजी तिथेच फिटर होते. साहेबाला टायफॉईड झाला तेव्हा मावशीने महिनाभर त्याला ज्वारीच्या कण्या करून घातल्या. साहेब बरा झाला, काम संपलं, गाडी दुरुस्तीसाठी म्हणून मुंबईला नेली, दोन महिन्यांनी परत आणली आणि जाताना नाममात्र कागद करून नानाजींना देऊन टाकली.

इथपर्यंत गोष्ट चांगली होती. मग पुंडलिकराव आले. पुंडलिकरावांचं बसस्टँडजवळ सुट्या भागांचं दुकान, आणि मोटारींच्या बाबतीत सेलूत त्यांचा शब्द शेवटचा. ते नानाजींचे दोस्त. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला. गाडीला चार दारं असतात, हिला दोनच दिली आहेत. चाक उजवीकडे असतं, हिचं डावीकडे आहे. खरी गाडी मुंबईत जहाजावर चढली, आणि भलत्याच इंजिनवर हे डबडं बसवून साहेबाने नानाजींच्या गळ्यात घातलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत हे बाजारभर झालं. पुढे तर सेलूत कुणी फसलं की त्याला ‘याचा नानाजी झाला’ असं म्हणायची पद्धतच पडली. बियाणं बोगस निघालं, नानाजी झाला. लग्नात मुलगी दाखवली एक आणि उभी केली दुसरी, नवरदेवाचा नानाजी झाला. ज्या पोरांनी नानाजींना कधी पाहिलं नाही तीही म्हणतात.

नानाजींनी कधी वाद घातला नाही. चौदा वर्षांपूर्वी ते गेले, त्याआधी चार दिवस मावशीला एवढंच म्हणाले की गाडी खरी आहे. मावशीने ते ऐकून ठेवलं.

आता रस्ता रुंद होणार आणि गाडीची शेड त्यात जाणार, म्हणून गाडी विकायची निघाली. छायाने दसऱ्याच्या पूजेचा फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत जुन्या गाड्या जमवणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांकडे पोचला, आणि त्यांच्याकडून फोन आला की आमचे तज्ज्ञ पंधरा दिवसांनी येतील, गाडी अस्सल असली तर घेऊ. त्याआधी एक भंगारवाला येऊन गेला. इंजिनाचा नंबरच दिसत नाही, तेव्हा इंजिन बदललेलं आहे, वजनावर नेतो म्हणाला. मावशीने त्याला फाटक दाखवलं आणि आम्हाला फोन केला.

‘जवाईबापू,’ ती म्हणाली, ‘गाडी जाईन तर खरी म्हणून जाईन. नाई तर रस्त्यावाल्याइले म्हना, शेडीसंगं मलेही पाडा.’

मावशी शहात्तर वर्षांची आहे आणि बोलल्याप्रमाणे करते.

ही बातमी बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत पसरायला अर्धा दिवस पुरला. शेजारच्या शोभाबाई सावंगीला दवाखान्यात एक्स-रेच्या खिडकीवर होत्या. त्यांनी इंजिनाचा एक्स-रे काढायला सांगितलं आणि उपाशीपोटी न्या असंही सवयीने सांगून गेल्या. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी जर्मनीच्या वकिलातीला पत्र लिहा म्हटलं आणि मसुदा तपासून देण्याची तयारी दाखवली. एकाने गाडीची पत्रिका पाहायला सांगितलं. कारखान्यातून बाहेर पडल्याची वेळ मिळाली तर तो ते करून देणार होता. प्रत्येकाने सल्ला देऊन झाल्यावर विचारलं, ‘पण तुम्ही काऊन जाऊन राह्यले पाहाले?’ या प्रश्नातला ‘तुम्ही’ मला बोचला.

मी रीतसर तयारी केली. भिंग घेतलं, मोजपट्टी घेतली, आणि एक वही आखली. पहिल्या रकान्यात भाग, दुसऱ्यात मूळ, तिसऱ्यात नक्कल, चौथ्यात शेरा. सेलूला जाऊन शेडमध्ये मी दोन दिवस पाहणी केली. गाडी हिरवीगार होती. पुढे ट्रॅक्टरचा रेडिएटर दोरीने बांधलेला, वर ट्रकचा हॉर्न, आसनांना पोत्याच्या बारदान्याची गवसणी. हे सगळं मी तिसऱ्या रकान्यात घातलं. मधोमध एक काळं गोल बटण होतं, त्यावर बारीक रेघा, फार सुबक. मी भिंगाने पाहिलं आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘मूळ, निःसंशय जर्मन बनावटीचे, असे काम आता होत नाही.’ शेजारी एक घड्याळ बंद पडलेलं होतं. ते मला बाजारू वाटलं, म्हणून ते नकलेत. मावशी दारात उभी राहून पाहत होती, बोलली काही नाही. चहा मात्र दोनदा दिला.

मूळ प्रत हाताशी असल्याशिवाय रुजवात होत नाही, हे मला एकट्यालाच सुचलं, याचा मला अभिमान आहे. गाडीचं पुस्तक उंदरांनी खाल्लं होतं. तेव्हा पहिल्या नोंदणीच्या रजिस्टरचा उतारा काढायला मी एका सरकारी कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. मला तिथे अजून जायचं आहे. खिडकीवर सपना होती. ही पूर्वी माझ्या हाताखाली शिकलेली, पुढे परीक्षा देऊन तिकडे गेलेली. मला पाहून ती उठून उभी राहिली, नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि अर्ज परत केला. अर्जात उतारा कशासाठी पाहिजे याचं कारण नव्हतं. दुसऱ्या खेपेला कारण होतं पण समास सोडला नव्हता. तिसऱ्या खेपेला अर्जदार आनंदाबाई आणि सही माझी, तेव्हा अधिकारपत्र कुठे आहे? चौथ्या खेपेला अधिकारपत्रावर दोन साक्षीदार पाहिजेत म्हणाली.

मी जरा आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, ‘सर, हे चारही आक्षेप तुम्हीच शिकवले. मी वहीत लिहून ठेवले आहेत.’

तिने वही दाखवली. अक्षर तिचं होतं, आक्षेप माझेच होते. हजारो लोकांना मी या चार खेपा घालायला लावल्या असतील. त्यांच्यापैकी दोनजण त्या दिवशी रांगेत माझ्या मागे उभे होते आणि त्यांनी मला ओळखलंही होतं.

पाचव्या खेपेला उतारा मिळाला. मी तिथेच उभ्याने तो रजिस्टराशी ताडून पाहिला. एखादी चूक निघाली असती तर बरं वाटलं असतं, पण निघाली नाही. त्यात लिहिलं होतं, दारं दोन, चाक डावीकडे. इंजिनाचा सात आकडी क्रमांक होता. आणि रंगाच्या पुढे लिहिलं होतं, राखाडी. सेलूतली गाडी हिरवी होती. बसमध्ये मी तो शब्द तीनदा वाचला. पुंडलिकराव खरेच ठरले तर? मावशीला काय तोंड दाखवायचं याचा मी सेलू येईपर्यंत विचार केला आणि काही सुचलं नाही, म्हणून रंगाची गोष्ट तिला सांगितलीच नाही.

पंधराव्या दिवशी तज्ज्ञ आल्या. आम्ही कुणी मिशीवाले गृहस्थ धरून चाललो होतो. टॅक्सीतून उतरली ती जीन्समधली सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, नाव सुरभी, पाठीला पिशवी. मावशीने तज्ज्ञांसाठी केलेला चहा, तज्ज्ञ तोच समजून, आधी टॅक्सीवाल्याला दिला. सुरभीने नमस्कार केला, एक पोतं मागून घेतलं आणि सरळ गाडीखाली गेली. तासभर आम्हाला तिचे फक्त बूट दिसत होते.

बाहेर आल्यावर तिने एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवला. पत्रा सगळीकडे मूळचा आहे, खड्डे बुजवायला कुठे लांबी भरलेली नाही म्हणाली. काचांच्या कोपऱ्यातले बारीक शिक्के पाहिले, दारांच्या फटी मोजल्या. दारं दोनच कशी, असं मावशीने विचारलं. सुरभी हसली. ही जातच दोन दारांची, आणि फार थोड्या निघाल्या, म्हणून तर पुण्याहून आले, म्हणाली. मावशी मटकन पोत्यावर बसली. मीही बसलो असतो, पण तेवढ्यात सुरभीने माझी वही मागितली.

ती वाचता वाचता तिने ओठ मुडपले. मग म्हणाली, ‘काका, हे घड्याळ मूळ आहे. आणि हे जर्मन बटण...’

‘माह्या मिक्सरचं हाये ते,’ मावशी म्हणाली. ‘दुसरा मिक्सर आनला तवा यायनं बसवलं.’

दोन दिवस ही बाई माझ्या भिंगाकडे पाहत उभी होती आणि एका शब्दाने बोलली नाही. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, तुम्ही इतकं मन लावून लिहीत होते, मोडता घालावा वाटला नाही. मी वही मिटली आणि पिशवीत खोल घातली.

सुरभीने उतारा वाचल्यावर रंगाची गोष्ट निघालीच, पण मावशीने केलेला हिरव्या रंगाचा उलगडा सोपा निघाला. कारखान्यात मशीनला मारायच्या रंगाचा अर्धा डबा उरला होता, नानाजींनी तो गंज चढू नये म्हणून गाडीला दिला. पण खालचा मूळ रंग त्यांनी आधी घासून काढला होता, त्यामुळे राखाडीचा मागमूस कुठे सापडेना. सुरभीने मान हलवली. आता सगळं इंजिनाच्या क्रमांकावर, म्हणाली. तो उताऱ्याशी जुळला तर गाडी अस्सल. नाही जुळला, किंवा दिसलाच नाही, तर अहवालात तसं लिहावं लागेल, आणि मग तिचे मालक गाडी बनावटच धरतील. तिने बोनेट उघडलं, विजेरी आत धरली आणि थांबली.

इंजिनाच्या कुशीला, बरोबर क्रमांकाच्या जागी, शेंदराचा मुठीएवढा गोळा होता.

याची हकीगत सांगायला हवी. जिनिंगमध्ये दसऱ्याला प्रत्येक मशीनची पूजा होते आणि प्रत्येक मशीनवर शेंदूर लावायची एक ठरलेली जागा असते. तिला फिटर लोक मशीनचं कपाळ म्हणतात. नानाजींनी गाडी आणली त्या वर्षी इंजिनावर नीट चौकोनी, सपाट अशी एकच जागा पाहिली आणि तिथे तेलात कालवलेला शेंदूर लावला. पुढे दर दसऱ्याला एक थर. ते गेल्यावर मावशीने लावला. पंचेचाळीस थर झाले.

सुरभीने पिशवीतून खरवडायची पट्टी काढली. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाली.

मावशी तिच्या आणि इंजिनाच्या मधे येऊन उभी राहिली. ‘देवाले खरवडत नाईत, बाई,’ ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. छायाने सांगितलं, मी नियम सांगितला, सुरभीने हात जोडले. मावशीचं म्हणणं सरळ होतं. पहिला थर नानाजींच्या हातचा आहे, त्यावर लोखंड चालवायचं नाही. क्रमांक नाही दिसला तर नानाजी कायमचे फसलेले राहतील, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिचे डोळे भरले होते, पण ती हलली नाही. मला तिचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

शेवटी तीच म्हणाली की तिच्या माहेरच्या मारुतीने असाच साठ-पासष्ट वर्षांनी अंगावरचा शेंदूर आपण होऊन टाकला होता. कुणी हात लावला नव्हता. या देवाची मर्जी असली तर हाही टाकील. सुरभीने विचारलं, कधी? मावशी म्हणाली, ते त्याले विचारा.

विचारायचं म्हणजे अर्ज करायचा. या एका बाबतीत त्या शेडमध्ये माझ्याएवढा जाणकार कुणी नव्हता. मी कागद घेतला, डावीकडे समास सोडला. देव कोणता हे मावशीलाही सांगता येईना, म्हणून मायना केला, ‘मा. स्थानिक दैवत, मुक्काम इंजिन, मौजा सेलू.’ विषय, शेंदराचे कवच उतरवून इंजिन क्रमांक पाहण्यास मिळणेबाबत. कारण लिहिलं. अधिकारपत्र जोडलं. साक्षीदार म्हणून छाया आणि सुरभी यांच्या सह्या घेतल्या. सपनालासुद्धा आक्षेप काढता आला नसता असा तो अर्ज होता. मावशीच्या सांगण्यावरून मी तो इंजिनापुढे मोठ्याने वाचला आणि नारळाखाली ठेवला. पुण्याची मुलगी हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, तिने बूट काढून ठेवले.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत सुरभीला रिकामं बसवेना. तिच्या अहवालात इंजिन चालू होतं का असाही एक रकाना होता. चौदा वर्षं बंद पडलेलं इंजिन, ते जाम झालेलं असणार असं ती धरून चालली होती. पण पान्याने फिरवलं तर ते फिरलं. मावशी म्हणाली, त्यात काय नवल, हे सांगून गेले होते, दर दसऱ्याला प्लग काढून एकेक चमचा तेल टाकजो आणि अर्धा फेरा फिरवजो. चौदा वर्षं ती ते करत आली होती. सुरभीने ते तसंच्या तसं अहवालात लिहून घेतलं.

पेट्रोल आणून झालं, आता बॅटरी पाहिजे होती, आणि सेलूत बॅटरी म्हणजे पुंडलिकराव. निरोप गेला आणि ते स्वतः सायकल रिक्षात बॅटरी घालून आले. मागोमाग अर्धा बाजार आला. पुंडलिकराव पंचाहत्तरीचे, अजून ताठ. त्यांनी बोनेटमध्ये एकदा डोकावलं आणि जमलेल्यांना सांगितलं की हे मोटारीचं इंजिनच नाही, पाणी ओढायच्या पंपाचं आहे.

पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. तो ट्रकचा होता. शेजारच्या बकऱ्या दावं तोडून गेल्या, त्यांच्या मागे माणसं गेली. हॉर्नची तार कुठली हे कुणाला कळेना, तेव्हा मी धीर करून एक तार ओढली, ती भलतीच निघाली. तिसऱ्या वेळी मागच्या नळीतून उंदराचं अख्खं घरटं बाहेर उडालं आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळा गोल उमटला. चौथ्या वेळी ट्रॅक्टरच्या रेडिएटरची नळी सुटली. त्यातलं पाणी चौदा वर्षांचं असल्यामुळे त्याचा रंग सांगवत नाही. ते सगळं माझ्या अंगावर आलं. मी शर्ट पांढरा घातला होता, कारण तज्ज्ञ येणार होत्या. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, ‘झाला, जवाईबापूचा नानाजी झाला.’

हसू उसळलं. मावशी खाली मान घालून उभी होती. मी चेहरा पुसला, सुटलेली नळी हाताने जागेवर दाबून धरली आणि सुरभीला म्हटलं, ‘लाव पुन्हा.’

पाचव्या वेळी इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं, आणि लागलं. शेड थरथरायला लागली. माझ्या हातातली नळी गरम होत गेली, सुरभी ओरडून काहीतरी सांगत होती, पण मी सोडली नाही. पाचेक मिनिटं ते चाललं असेल. इंजिन तापलं, हलायला लागलं, आणि शेंदराच्या गोळ्याच्या कडेने आधी तेलाचा एक ओघळ आला. मग तो अख्खा गोळा, न फुटता, अलगद सुटला आणि मावशीने पुढे केलेल्या पदरात पडला.

इंजिन बंद केलं. सुरभीने मऊ फडक्याने ती जागा पुसली. पंचेचाळीस वर्षं तेलाखाली राहिल्यामुळे तिथे गंजाचा ठिपकाही नव्हता. सात आकडे कालच ठोकल्यासारखे उभे होते. आणि त्यांच्याजवळच्या पत्र्यावर शेंदूर ओघळला होता तिथे नानाजींना घासता आलं नव्हतं. बोटभर जागेत मूळ राखाडी रंग शिल्लक होता.

सुरभी आकडे वाचायला वाकली. मी तिला थांबवलं. रुजवातीला वाचणारा विरुद्ध बाजूचा असला की पुढे हरकत येत नाही, हा नियम कुठे छापलेला नाही, पण मी तो जन्मभर पाळला. मी पुंडलिकरावांना म्हटलं, ‘तुमी वाचा.’

ते पुढे आले. चष्मा पुसला. मी ओल्या शर्टाने उभा राहून उताऱ्यावर बोट ठेवलं.

ते एकेक आकडा वाचत गेले आणि मी प्रत्येकाला ‘बरोबर’ म्हणत गेलो. चौथ्यानंतर ते थांबले. त्यांना उताऱ्यावरचं दिसत नव्हतं, पण माझा आवाज त्यांना ऐकू येत होता आणि पुढे काय होणार हे त्यांना कळलं होतं. पाचवा वाचायच्या आधी त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. सहावा बरोबर. सातवा त्यांनी फार हळू वाचला, मी पुन्हा वाचायला लावला. बरोबर.

मी उताऱ्याखाली लिहिलं, रुजवात घेतली, बरोबर आहे. सही केली. एकतीस वर्षांत इतक्या आनंदाने मी कुठल्याच कागदावर सही केली नव्हती. वाचणाऱ्याची सही म्हणून कागद पुंडलिकरावांपुढे धरला. त्यांनीही केली.

सही करून ते मावशीकडे वळले. ‘वयनी, माहं चुकलं,’ ते म्हणाले.

मावशी म्हणाली, ‘मले नका सांगू. जिथं बोलले तिथं सांगा.’

शेंदराच्या कवचाच्या आतल्या बाजूला तेच सात आकडे उलटे उमटले होते. मी तीही रुजवात घेतली. सुरभीला ते कवच संग्रहासाठी पाहिजे होतं, हवी ती किंमत देते म्हणाली. मावशीने दुसऱ्या दिवशी ते रीतीप्रमाणे बोर नदीत सोडलं.

आठवड्याने पुण्याहून ट्रक आला. त्या आठ दिवसांत सुरभीच्या मालकांनी गाडीला आम्ही मनात धरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त किंमत लावली होती. तेव्हा छाया मावशीला म्हणाली, आता ती खरी ठरली, सगळं गाव पाहायला येतं, शेड मागे सरकवून बांधू, राहू दे गाडी.

‘काऊन?’ मावशी म्हणाली. ‘आता जाऊ दे तिले. फसलेल्या मानसाची गाडी म्या विकली नसती.’

ट्रकवर गाडी चढली तशी मावशीही चढली आणि दार उघडून आत बसली. बसस्टँडपर्यंत येते म्हणाली. ट्रक बाजारातून सावकाश निघाला. पुढे पुंडलिकराव हाताने वाहनं बाजूला करत चालले होते आणि दर दुकानापुढे थांबून सांगत होते, नंबर मी स्वतः वाचला, माझी सही आहे. बसस्टँडवर मावशी उतरली. ट्रकवाल्याला हात केला, ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घराकडे वळली.

मी रिक्षा पाहायला लागलो, तर छायाने माझा हात धरला. तिचे डोळे वाहत होते. मावशी इतकी वर्षं घरी जाताना बाजार टाळून नाल्याकडच्या गल्लीने जायची, तिने सांगितलं. लोकांच्या तोंडून नवऱ्याचं नाव ऐकायला नको म्हणून.

मावशी भर बाजारातून चालली होती. भाजीवाल्यांशी भाव करत, थांबत थांबत, कसलीही घाई नसल्यासारखी.